पंचविशीच्या आत हेअर ट्रान्सप्लांट करावं का? आधी करायचा हिशेब

बहुतेक पोरं हा प्रश्न उलट्या टोकाकडून सोडवायला घेतात. आधी क्लिनिक शोधतात, मग भाव काढतात, मग घरून पैशांची जुळवाजुळव करतात. पुढच्या वीस वर्षांत आपलं टक्कल कुठवर जाणार आणि ते झाकायला मागचे केस पुरणार का, हे मात्र कुणीच विचारत नाही. क्लिनिकवालाही ते आपणहून सांगेल याची खात्री नाही. जळगाव-धुळ्याकडे लग्नाचं बोलणं सुरू झालं, बायोडाटाला फोटो लावायची वेळ आली की घाई आणखी वाढते. या घाईत बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी केलेलं ऑपरेशन चाळिशीत फार वाईट दिसू शकतं, आणि ते पूर्ण दुरुस्त करता येत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा.

गळती कसली आहे

पुरुषी टक्कल ओळखायला सोपं असतं. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस मागे सरकतात किंवा भोवऱ्याजवळ टाळू दिसायला लागते, आणि मागचे-बाजूचे केस दाटच राहतात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या केसांची मुळं आनुवंशिकतेने त्याला संवेदनशील असतात, त्यांचा केस प्रत्येक नव्या फेरीत आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. शेवटी लव उरते. उशीवर झडलेले केस मोजण्यापेक्षा पुढचा एक केस आणि मानेवरचा एक केस शेजारी शेजारी पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पुढचा स्पष्ट बारीक दिसला तर हीच गळती असण्याची शक्यता जास्त.

टायफॉईड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, झपाट्याने उतरवलेलं वजन, पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या तयारीला गेल्यावर झालेली जेवणाची आबाळ, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मुठीने केस जातात. ही गळती वेगळी. मूळ कारण दूर झालं की साधारण सहा महिन्यांत केस परत भरतात. अशा वेळी ट्रान्सप्लांट करणं म्हणजे नुसता तोटा. चाई पडली असेल, म्हणजे नाण्याएवढे गुळगुळीत गोल चट्टे असतील, तर तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर हल्ला करत असते आणि लावलेले केसही ती सोडत नाही. खाज, खपल्या, पू किंवा चकचकीत व्रणासारखी टाळू असेल तर आधी त्या आजाराचा इलाज.

बोअरच्या जड पाण्याने टक्कल पडतं असं आपल्याकडे गावोगाव सांगतात. क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात, मधूनच तुटतात, हे खरं. पण त्याच पाण्याने धुतलेले मानेवरचे केस दाट राहतात आणि कपाळावरचेच जातात, म्हणजे दोष पाण्याचा नाही. टाकीला महागडं फिल्टर बसवून टक्कल थांबणार नाही.

घरी एक तपासणी करा. एक दिवस केस धुऊ नका. मग ५०-६० केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलक्या हाताने ओढत न्या. असं डोक्याच्या चार ठिकाणी करा. दर वेळी पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती जोरात चालू आहे. दिवसाला ५० ते १०० केस जाणं मात्र सामान्य आहे. यानंतर त्वचारोगतज्ज्ञ. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे केस पेपर काढून दाखवता येतं. तिथल्या डॉक्टरांना तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं, हा मोठा फायदा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व या रक्ततपासण्यांबद्दल विचारा, आणि डर्मोस्कोपने टाळू बघायची विनंती करा. त्या भिंगातून जाड-बारीक केसांची सरमिसळ स्पष्ट दिसते. आग्रहाने मागचा भागही बघायला सांगा. काही जणांचे मागचे केसही बारीक होत असतात. अशा डोक्यावर ट्रान्सप्लांट टिकत नाही, कारण बारीक होणारा केस पुढे नेऊन लावला तरी तो बारीक होतच राहतो.

मागच्या केसांचा साठा

ट्रान्सप्लांटमध्ये नवीन केस तयार होत नाहीत. मागचे आणि बाजूचे, डीएचटीला दाद न देणारे केस मुळासकट काढून पुढे लावतात. कांद्याचं रोप वाफ्यातून उपटून शेतात लावावं तसं हे काम आहे. जिथून काढलं तिथे पुन्हा येत नाही, आणि इथे दुसऱ्यांदा बी टाकायची सोय नाही. चांगल्या दाट डोक्यावरून आयुष्यभरात मिळून साधारण ५००० ते ६००० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे पुंजके, सुरक्षितपणे निघतात. मागचे केस विरळ असतील तर तीन-चार हजारच. एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस असतात, सरासरी दोनच्या आसपास.

आता शिंप्याची टेप घ्या. मूळ दाट डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ६५ ते ८५ ग्राफ्ट असतात. लावताना ३० ते ४५ लावतात, कारण निम्म्या दाटीलाही डोकं भरलेलं दिसतं. समजा तुमचे दोन्ही कोपरे मागे गेले आहेत आणि प्रत्येकी १२ चौरस सेंटिमीटर भरायचे आहेत. २४ गुणिले ४० म्हणजे ९६० ग्राफ्ट. शिवाय कपाळ मोठं वाटतं म्हणून मधली रेषा १२ सेंटिमीटर रुंदीत दीड सेंटिमीटर खाली आणायची, तर आणखी १८ चौरस सेंटिमीटर आणि ७२० ग्राफ्ट. सुमारे १७०० ग्राफ्ट झाले, म्हणजे आयुष्याच्या साठ्यातला जवळपास तिसरा हिस्सा, तोही टक्कल अजून पुढे वाढायचं असताना.

आता चाळिशीचं चित्र. टक्कल मोजायला डॉक्टर नॉरवुड मोजपट्टी वापरतात, १ ते ७ टप्पे. सहाव्या टप्प्यात पुढचा भाग, माथा आणि भोवरा एक होऊन उघडी जागा सहज २०० चौरस सेंटिमीटर होते. ती ३५ च्या दाटीने भरायला ७००० ग्राफ्ट हवेत, आणि तुमच्याकडे उरलेत तीन-चार हजार. मग होतं असं की बाविसाव्या वर्षी लावलेली पुढची पट्टी जागेवर राहते, तिच्या मागचे स्वतःचे केस निघून जातात आणि मधे उघडी टाळू उरते. ट्रान्सप्लांट फसण्याचं तरुणांमधलं एक मोठं कारण हेच आहे. ऑपरेशन त्या दिवशी उत्तम झालेलं असतं, पण गळती थांबलेली नसते.

कुठवर जाणार याचा अंदाज घरातून घ्या. वडील, काका, आजोबा, मामा, आईचे वडील, सगळ्यांची डोकी बघा आणि त्यांचे पंचविशीतले फोटो काढायला लावा. टक्कल फक्त आजोळकडून येतं हा समज अर्धवट आहे. एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो, बाकीचे पुष्कळ दोन्हीकडून. घरातल्या कुणाचं डोकं तिशीतच पाचव्या-सहाव्या टप्प्यावर गेलं असेल, तर तुमचंही तिकडे जाऊ शकतं असं धरूनच हिशेब करा.

रेषा कुठे असावी, यावर हट्ट धरू नका. दोन भुवयांच्या मधून वर मोजत जा. ७ सेंटिमीटरच्या खाली रेषा मागणं पंचविशीत चूकच आहे. आठ-साडेआठवर, कोपरे थोडे मागे ठेवलेली रेषा पन्नाशीतही शोभते. सोळाव्या वर्षीच्या फोटोतली सरळ, खाली उतरलेली रेषा प्रौढ चेहऱ्यावर टोप घातल्यासारखी दिसते, आणि ग्राफ्ट खाते ते वेगळंच. पोरांनी मागितली तशी रेषा आखून देणारा डॉक्टर पोरांचं भलं करत नाही, हे आमचं ठाम मत आहे.

औषधाचं एक वर्ष

ऑपरेशनच्या आधी किमान बारा महिने औषध घेऊन बघायचं. त्यातून गळती थांबते का हे कळतं, आणि बऱ्याच जणांचं ऑपरेशन टळतं किंवा लहान होतं.

मिनॉक्सिडिल ५ टक्के, दिवसातून दोनदा १ मिली, कोरड्या टाळूवर, केसांवर नाही. ६० मिलीची बाटली बरोबर महिनाभर जाते. दुसऱ्या आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत गळती वाढलेली दिसते. जुने केस नव्यांना जागा देत असतात. याच टप्प्यावर बरेच जण घाबरून सोडतात. चार महिन्यांच्या आत निकाल लावू नका. बंद केलं की तीन ते सहा महिन्यांत कमावलेलं सगळं जातं. छातीत धडधड, चक्कर, पायावर सूज आली तर थांबवून डॉक्टरांना दाखवा. घरात मांजर असेल तर हे औषध तिच्या जिवावर बेतू शकतं, औषध लागलेली उशी, टॉवेल तिच्यापासून लांब ठेवा.

फिनास्टेराईड १ मिलिग्रॅम, रोज एक गोळी, आणि ती फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. डीएचटी कमी करून गळतीच्या मुळावर काम करणारं हे औषध. थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणं, ताठरतेची अडचण, वीर्य कमी होणं हे त्रास होतात. बहुतेकांचे औषध थांबवल्यावर जातात, काहींचे लांबतात. उदासी किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर गोळी लगेच बंद आणि डॉक्टरांकडे. युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये हा दुष्परिणाम मान्य केला आहे. आधीपासून नैराश्य असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. लग्न ठरलेलं असेल, मूल हवं असेल तर तेही सांगा, कारण काही जणांचे शुक्रजंतू कमी होतात. घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेली गोळी हाताळू नये. ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही. चाळिशीनंतर प्रोस्टेटची पीएसए तपासणी केली तर डॉक्टरांना गोळीचं सांगायचं, कारण आकडा निम्मा दिसतो.

दर तीन महिन्यांनी फोटो काढा. तीच खिडकी, तीच वेळ, केस कोरडे आणि तेवढ्याच लांबीचे, समोरून, दोन्ही कोपऱ्यांतून, वरून आणि मागून. आरशाच्या आठवणीवर विसंबू नका. वर्षाच्या शेवटी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवा. फरक नसेल किंवा सुधारणा असेल तर गळती आवाक्यात आली. अजून मागे सरकत असेल तर ऑपरेशन आणखी पुढे ढकला. पंचविशीच्या आधी साधारणपणे नाहीच, हा नियम याच कारणाने आहे. पंचवीस पूर्ण झालं म्हणजे परवाना मिळाला असं मात्र नाही. औषध कायम घ्यायची तयारी नसेल तर ऑपरेशनचाही विचार सोडा, कारण लावलेले केस टिकले तरी भोवतालचे जातच राहतात.

डॉक्टर आणि पैसे

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की हे काम त्वचारोग किंवा शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचं, आणि यूट्यूब किंवा कार्यशाळा बघून शिकणं पुरेसं नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. मग समोर बसून विचारा: भूल कोण देणार, छेद कोण घेणार, मुळं कोण काढणार? टेक्निशियन ग्राफ्ट वेगळे करतो, लावायला मदत करतो, ते ठीक. पण डॉक्टर फक्त रेषा आखून निघून जात असतील तर तुम्हीही उठा. त्या दिवशी आणखी किती पेशंट आहेत, हेही विचारा.

भुलेचं औषध लिग्नोकेन. त्याची मर्यादा वजनावर असते, ॲड्रिनॅलिनसोबत किलोमागे ७ मिलिग्रॅम आणि एकूण ५०० पेक्षा जास्त नाही. म्हणून एका दिवसात साडेतीन-चार हजार ग्राफ्ट लावून देतो म्हणणाऱ्याला ही मर्यादा तो कशी सांभाळणार ते विचारायलाच हवं. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एकाच बैठकीत हजारो ग्राफ्ट लावल्यानंतर एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाचा मृत्यू झाला होता. क्लिनिकमध्ये ऑक्सिजन, मॉनिटर, ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन आहे का आणि जवळचं आयसीयू कुठलं, हे विचारण्यात संकोच नको. औषधांची ॲलर्जी, मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी यांची माहिती लपवू नका.

भावात एक चलाखी चालते. ‘४००० केस’ म्हणजे साधारण २००० ग्राफ्ट. दोन क्लिनिकचे भाव तोलताना ग्राफ्टचेच आकडे तोला. ‘अनलिमिटेड ग्राफ्ट’ ही जाहिरात दिसली तर समजा की तिथे तुमच्या साठ्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ग्राफ्टमागे ४० रुपये धरले तर २००० चे ८०,००० आणि त्यावर जीएसटी वेगळा, कारण हेअर ट्रान्सप्लांटला आरोग्यसेवेची करमाफी नाही. आरोग्य विमाही सहसा देत नाही. औषधं, येणं-जाणं, आणि कदाचित दहा वर्षांनी दुसरी बैठक, हे वेगळं. हप्त्यांवर करायची घाई करू नका. एजंट किंवा ‘आजच बुक करा, निम्म्यात’ हे ऐकलं की थांबा.

नाशिक, पुणे, सुरत, इंदूर इथे जाऊन करणार असाल तर पहिल्या धुण्यासाठी आणि तपासणीसाठी दोन-तीन दिवस तिथेच राहायची सोय ठेवा. त्याच रात्री भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत जनरल डब्यात चेंगरून परतणं म्हणजे ग्राफ्ट घासून घालवणं.

पद्धत आणि व्रण

एफयूई या पद्धतीत ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे पोकळ गोल पात्याने, एकेक ग्राफ्ट काढतात, मागे पांढरे बारीक ठिपके राहतात. एफयूटीत मागून कातडीची पट्टी काढून टाके घालतात, एक आडवी रेघ राहते. आपल्याकडे हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. घरात कुणी गेलं की मुंडण करावं लागतं, नवस असतो, तिरुपतीला केस द्यायचे असतात. ट्रान्सप्लांट रुजल्यावर डोकं भादरलं तरी केस परत येतात, पण पट्टीची रेघ उघडी पडते आणि एफयूईत जास्त ओरबाडलं असेल तर मागचा भाग कुरतडल्यासारखा दिसतो. हे आधीच ठाऊक असू द्या.

कधी करायचं

लग्नाच्या आधी तीन महिने करणं ही सगळ्यात वाईट वेळ. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळतात. मुळं आतच असतात, पण डोकं पूर्वीपेक्षा विरळ दिसतं. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवू लागतात, सहाव्या महिन्यात निम्मं चित्र, बाराव्यात पूर्ण, भोवऱ्याला दीड वर्षही. म्हणजे दिवाळीत केलं तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निम्मं दिसेल. मेमधल्या लग्नात पूर्ण हवं असेल तर त्याच्या आदल्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत व्हायला हवं.

जानेवारी-फेब्रुवारी म्हणण्याला दुसरंही कारण आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. घाम आणि धूळ ताज्या छिद्रांत जाऊन पुटकुळ्या आणि संसर्ग होतो, आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधता येत नाही. शेतातलं काम असेल तर कपाशी वेचून झाल्यावरचा काळ धरा. फवारणी दोन-तीन आठवडे नाही. केळीचे घड डोक्यावर-खांद्यावर वाहणं महिनाभर बंद. हेल्मेट पहिले दहा ते चौदा दिवस घालता येत नाही, म्हणून तेवढे दिवस मोटारसायकलही नाही. थेट उन्हापासून तीन महिने जपायचं, सैल टोपी घालून.

नंतरचे दिवस

पहिल्या चार-पाच रात्री पाठीमागे दोन-तीन उशा लावून अर्धवट बसूनच झोपायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज उतरून डोळ्यांवर येते, ती आपोआप जाते. खपल्या नखाने काढायच्या नाहीत. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे हलक्या हाताने धुतल्या तर साधारण दहाव्या दिवसापर्यंत निघून जातात, आणि तोवर मुळं पक्की बसलेली असतात. तंबाखू-सिगारेट आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे पूर्ण बंद, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्ट मरू शकतात. लावलेल्या जागेवर काळपट डाग पसरत गेला, पू आला, ताप आला किंवा दुखणं वाढत गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मागची बधिरता काही आठवडे किंवा महिने राहते. बऱ्याच जणांची हळूहळू जाते.

नाही करायचं ठरलं तर

चांगल्या सलूनमध्ये बाजू झिरो-एक नंबर आणि वर दोन-तीन नंबर मारून बघा. विरळपणा बाजूच्या लांब केसांमुळे उठून दिसतो, बाजू बारीक झाल्या की तो लपतो. सोबत नीट कोरलेली दाढी. हे तीन महिने करून बघायला खर्च जवळपास काहीच नाही. पॅच, म्हणजे चिकटवायचा केसांचा टोप, लावायचा असेल तर लक्षात ठेवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोंद घामाने सुटतो, दर दोन-तीन आठवड्यांनी काढून साफ करावा लागतो आणि खाली खाज सुटते. टाळूवर ठिपके गोंदवून दाटी भासवण्याची पद्धत बारीक कापलेल्या केसांवर बरी दिसते. बायोटिनच्या गोळ्या, जाहिरातीतली तेलं, कांद्याचा रस यांनी पुरुषी टक्कल थांबत नाही. पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची) इंजेक्शनं काहींना थोडी मदत करतात, पण ती परत परत घ्यावी लागतात.

केसांमुळे लग्नाच्या बैठकीला जाणं टाळत असाल, दिवसातून तासन् तास आरशापुढे जात असतील, टोपीशिवाय घराबाहेर पडवत नसेल, तर आधी त्याबद्दल कुणाशी तरी बोला. अशा मनःस्थितीत केलेल्या ऑपरेशनने समाधान होत नाही, पुढचा दोष दिसायला लागतो. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मोफत सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि केलंच, तर घरी निघण्याआधी क्लिनिककडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या: किती ग्राफ्ट काढले, डोक्याच्या कुठल्या भागातून, कितीच्या पंचने, एक-दोन-तीन केसांचे प्रत्येकी किती, कुठे किती दाटीने लावले, आणि भुलेचं औषध किती दिलं. सोबत मागच्या भागाचे ऑपरेशनआधीचे फोटो. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरपुढे बसाल तेव्हा साठ्यात किती उरलंय हे त्याला या कागदावरूनच ठरवता येईल.